सात-सात

शुक्रवारी चार वाजता व्हिग्गा येते,
पाठीवर दप्तर, एका हातात रबरी बूट,
दुसरा हात कानामागून निघत नाही.

दिव्याखाली ये. थांब. हलू नकोस.
एस्बियर्गच्या बंदरात मी पवनचक्क्यांची पाती तपासते,
बोटीत चढण्याआधी, ऐंशी मीटर पांढऱ्यावर
केसभर तडा शोधायची मला सवय आहे.
मानेवरच्या मऊ केसांत लिखा,
तिळाहून बारीक, फुंकरीनं न हलणाऱ्या.
आणि एक ऊ, भांगातून निवांत चाललेली,
रविवारी एखादी बाई समुद्रावर निघावी तशी.

आस्गर तिच्या आईला कळवतो.
लोनेचं उत्तर: आमच्याकडे नव्हत्या.
आस्गर: आमच्याकडेही नव्हत्या.
वेगळं होताना दोघांनी ठरवलं होतं,
पोरीच्या केसालाही धक्का लागू द्यायचा नाही.
आता कोणाची उशी, कोणाची टोपी, कोणाचा आळस,
आणि जुनं बरंच काही
ज्याचा उवांशी काही संबंध नाही.

मी फणी घेते.
कंडिशनर थापते, बट धरते,
मुळापासून टोकापर्यंत ओढते, कागदावर पुसते.
अकरा. बारा. ही मेलेली, धरायची का?
"धर," व्हिग्गा म्हणते. तिला आकडा मोठा हवाय.
वर्गातल्या आल्बेर्तेच्या चाळीस निघाल्या होत्या.

एरवी ती मला हात लावू देत नाही.
वेणी बाबा घालतो, वाकडी; चालते.
इथे माझ्यासारखीला बोनस-आई म्हणतात,
दोन साबणांवर एक फुकट मिळावा तशी.
व्हिग्गा मला डोर्ते म्हणते.
माझं नावच आहे ते, तक्रार कशी करणार?

बाटलीवर लिहिलंय: राहिलेल्या लिखा फुटतील,
नवव्या दिवशी औषध पुन्हा लावा.
आणि आमचं गणित सात-सात.
म्हणजे मी घातलेला वेढा
लोनेच्या बाथरूममध्ये पुरा व्हायचा,
जिथे माझं काहीच चालत नाही.
चिठ्ठी लिहिते. फाडते.
"कृपया" खोडते, परत घालते.
शेवटी फणी दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात
आणि कागदावर एवढंच:
अठ्ठेचाळीस. रविवारी पुन्हा, कृपया. डो.

त्याआधी बुधवारी, कामावर हेल्मेट काढताना
मानेवर काहीतरी सरकलं.
बंदरावरच्या बेसिनवर डोकं वाकवून
मी माझेच केस विंचरले.
तीन.

शाळेतल्या नर्सनं सांगितलं होतं,
उवा उडत नाहीत, उड्या मारत नाहीत,
उशीवर फार काळ जगत नाहीत.
केसाला केस लागावा लागतो. बराच वेळ.

बराच वेळ.
कधी?
सोफ्यावर मला डुलकी लागली तेव्हा?
की त्या वादळाच्या रात्री, दार किलकिलं करून
ती आमच्या खोलीत आली
आणि मी झोपेचं सोंग घेतलं,
बाबाच्या कुशीत गेली असणार असं धरून?
मग खरंच झोप लागली मला.
आणि आस्गरचं डोकं तर गुळगुळीत. तिथे काय लागणार.

तिसरी ऊ मी लगेच मारली नाही.
नखावर होती, पाय हलवत होती.
मग मारली. अर्थात.

शुक्रवारी लोने दारात आली.
आत ऊब होती तरी टोपी काढली नाही.
चिठ्ठी तिथंच, उभ्यानं वाचली.
"अठ्ठेचाळीस? मोजल्यास?"
"तिनं मोजल्या."
लोनेचा हात टोपीखाली गेला,
माझा मानेमागे,
आणि दोघींच्याही लक्षात आलं तेव्हा
फार उशीर झाला होता.
दोघींपैकी कोणी हसलं नाही. हसूच आलं नाही म्हणा,
पण ती जरा वेळ थांबली.

मग त्या जिना उतरल्या.
दुसऱ्या मजल्यावरून व्हिग्गाचा आवाज,
सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा:
"आई, डोर्तेला पण झाल्यात.
माझ्याच आहेत त्या."